पान्हा अडतो तेव्हा: अंगावर पाजणाऱ्या आईचा ताण हलका कसा करायचा

सातारा-सांगलीकडच्या गावांत धारेला बसणाऱ्या कुणालाही विचारा. म्हशीच्या कासेत दूध भरलेलं असतं, तरी नवखा माणूस बादली घेऊन बसला किंवा गोठ्यात कुणी काठी आपटली की ती पान्हा चोरते. रेडकू लावलं, कास कोमट पाण्याने धुतली, सड हलक्या हाताने चोळले की मिनिटभरात धार सुरू होते. बाईचं शरीर या बाबतीत फार वेगळं चालत नाही. उपमा ओबडधोबड आहे खरी, पण बाळंतिणीच्या खोलीत जमलेल्या चार बायकांना ती लगेच पटते.

दूध तयार होणं वेगळं आणि दूध सुटणं वेगळं. तयार होतं ते प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे, म्हणजे हार्मोनमुळे. बाळ जितक्या वेळा ओढेल आणि स्तन जितका रिकामा होईल, तितकं पुढचं दूध बनतं. सुटतं ते ऑक्सिटोसिनमुळे. बाळ ओढू लागलं की हे संप्रेरक रक्तात उतरतं, दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि दूध नळ्यांतून पुढे ढकललं जातं. हाच पान्हा. वेदना, भीती, लाज, संताप यांच्या वेळी शरीरात ॲड्रेनालिन वाढतं आणि ते ऑक्सिटोसिनच्या आड येतं. दूध आत आहे, बाळ ओढतंय, येत काही नाही. बाळ रडतं, आई आणखी आकसते. बघणारी म्हणते, "दूध आटलं गं हिचं," आणि घरात वरच्या दुधाची बाटली येते. बाटलीने पोट भरल्यावर बाळ अंगावर कमी ओढतं, आणि मग मात्र दूध खरोखरच कमी होत जातं. या साखळीची पहिली कडी ताणाची आहे, आणि ती तोडायला रोज तासभर योगासनं लागत नाहीत.

पाजण्याआधीची दहा मिनिटं

बाळ रडून लाल होईपर्यंत थांबू नका. तोंड इकडेतिकडे वळवणं, मूठ चोखणं, जीभ बाहेर काढणं ही भुकेची पहिली लक्षणं. रडणं हे उशिराचं. रडणाऱ्या बाळाला लगेच लावायला गेलं तर दोघांचीही झटापट होते. अशा वेळी त्याचे कपडे काढा, लंगोट राहू द्या, आपल्या उघड्या छातीवर पालथं ठेवा आणि वरून दोघांवर पातळ चादर घ्या. मान एका बाजूला, नाक मोकळं. बहुतेक बाळं पाच-दहा मिनिटांत निवतात आणि काही तर स्वतःच सरकत स्तन शोधतात.

आधी लघवीला जाऊन या. ही गोष्ट सगळ्यांकडून राहते. पाजताना सुटणाऱ्या ऑक्सिटोसिनने गर्भाशयही आकुंचन पावतं, त्यामुळे पहिले काही दिवस पाजतानाच ओटीपोटात कळा येतात. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात जास्त. मूत्राशय भरलेलं असेल तर त्या आणखी टोचतात. कळा किंवा टाके फार दुखत असतील तर डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी पाजण्याच्या अर्धा तास आधी घ्या. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन पाजणाऱ्या आईला चालतात. "गोळी दुधात उतरेल" म्हणून दुखणं सोसत बसल्याने पान्हाच अडतो.

आता बसायचं. भिंतीला पाठ टेका, कमरेच्या खोबणीत लोड किंवा गुंडाळलेली चादर. मांडी घातली असेल तर दोन्ही गुडघ्यांखाली दुमडलेली गोधडी, खुर्चीवर असाल तर पायाखाली पाट. मांडीवरच्या उशीने बाळाचं नाक तुमच्या स्तनाग्राच्या उंचीला यायला हवं. उशी कमी पडली की आई वाकते, आणि वाकलेल्या आईचे खांदे पाच मिनिटांत भरून येतात. बाळ स्तनाकडे आणायचं, स्तन बाळाकडे न्यायचा नाही. पाण्याचा तांब्या हाताशी ठेवा, कारण पान्हा सुटताना अनेकींना अचानक तहान लागते.

मग श्वास. नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, असं दहा वेळा. दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. काम होतं ते लांबलेल्या उच्छ्वासाने, म्हणून छाती फुगवून श्वास रोखून धरू नका. बाळंतपणात रक्त कमी झालेल्या बाईला त्याने चक्कर येते. सिझर झालं असेल तर टाक्यांवर तळहात हलका ठेवा आणि पोट जितकं सहज हलेल तितकंच हलू द्या. मोजण्याचा कंटाळा आला तर गुणगुणा. जात्यावरची ओवी असो की पाळणा, गाताना श्वास आपोआप लांब सुटतो, आणि बाळालाही तो आवाज पोटात असल्यापासून ओळखीचा असतो.

श्वास चालू असताना अंग तपासा. खांदे कानांपर्यंत उचला, पाच मोजा, सोडून द्या. मुठी घट्ट आवळा, सोडा. दातांवर दात असतील तर ओठ मिटलेले ठेवून जबडा सैल करा. शेवटी पायांकडे बघा. दुखण्याच्या धास्तीने पायांचे अंगठे आत वळलेले असतात आणि बाईला त्याचा पत्ताही नसतो. अंगठे सरळ झाले की मांड्या आणि ओटीपोटही सैल पडतं. पाजताना मधूनमधून अंगठ्यांकडे नजर टाकायची सवय लावा.

घरात कुणी मोकळं असेल तर पाठीचं चोळणं हा सगळ्यात गुणकारी उपाय. आईने पाटावर बसून पुढच्या चौरंगावर किंवा टेबलावर उशी ठेवावी, त्यावर हात आणि कपाळ टेकवावं. ब्लाउज सैल, स्तन मोकळे लोंबते. दुसरीने मागे बसून दोन्ही मुठींचे अंगठे पुढे काढावेत आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंना, मणक्यावर नव्हे, लहान गोल फिरवत मानेपासून खांद्याच्या फऱ्यांच्या खालपर्यंत यावं. पुन्हा वरून. दोन-तीन मिनिटं पुरतात, पुष्कळदा तेवढ्यात स्तनाग्रातून थेंब गळायला लागतात. न्हाऊ-माखू घालणारी बाई येत असेल तर तिला ही जागा दाखवून ठेवा. मात्र स्तन जोरात मळायला तिला देऊ नका. "गाठी फोडायच्या" म्हणून केलेल्या रगडण्याने आतली सूज वाढते.

कोमट पाण्यात बुडवून पिळलेला पंचा स्तनावर दोन-तीन मिनिटं ठेवला तरी मदत होते. पंचा आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा.

पान्हा सुटला हे बाळाच्या चोखण्यावरून कळतं. सुरुवातीला भराभर, उथळ ओढ असते. मग ती संथ आणि खोल होते, हनुवटी खाली जाते, क्षणभर थांबते आणि गिळल्याचा बारीक आवाज येतो. कुणाला स्तनात मुंग्या येतात, कुणाचा दुसऱ्या बाजूचा स्तन गळतो, कुणाला काहीच जाणवत नाही. गिळणं ऐकू येत असेल तर काळजी नको. काही जणींना पान्हा सुटण्याच्या आधी मात्र मिनिटभर कारण नसताना खोल उदास वाटतं, पोटात खड्डा पडल्यासारखं, आणि दूध सुरू झालं की ते विरतं. त्या वेळी मेंदूतलं डोपामिन एकदम खाली जाण्याशी याचा संबंध जोडला जातो. "बाळ नकोसं झालंय" असा त्याचा अर्थ लावू नका. त्या दोन मिनिटांत गार पाण्याचे घोट घ्या, कुणाशी तरी बोला.

दुखत असेल तर श्वास मोजून भागत नाही

अंगावर पाजताना ताणाचं सगळ्यात मोठं कारण दुखणं, आणि दुखण्याचं सगळ्यात मोठं कारण बाळाने नुसतं स्तनाग्र तोंडात धरणं. स्तनाग्र बाळाच्या नाकासमोर ठेवा, वरच्या ओठाला लावा, आणि जांभई दिल्यासारखा मोठा 'आ' होईपर्यंत थांबा. मग खांद्यामागून आधार देत बाळाला पटकन जवळ घ्या, हनुवटी आधी टेकली पाहिजे. डोक्यामागे हाताने दाबू नका, बाळ उलटं मागे रेटतं. नीट लागलेल्या बाळाचा खालचा ओठ बाहेर उलटलेला असतो, गाल भरलेले असतात आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग खालपेक्षा वर जास्त दिसतो.

पहिली वीस-तीस सेकंद ताण जाणवेल, पण त्यापुढेही कळ मारत असेल तर सोसू नका. धुतलेली करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवून ओढ सोडवा आणि पुन्हा लावा. तीनदा करावं लागलं तरी करा. पाजून झाल्यावर स्तनाग्र बघा. गोल असेल तर ठीक. एका बाजूने तासलेल्या पेन्सिलीसारखं तिरकं आणि चपटं झालं असेल तर पकड चुकली आहे. भेगांवर आपल्याच दुधाचे दोन थेंब लावून हवेवर वाळू द्या. सांगलीची हळद कितीही नामी असली तरी तिचा लेप इथे नको, तो बाळाच्या तोंडात जातो.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी स्तन दगडासारखे घट्ट होतात आणि बाळाच्या तोंडात काही मावत नाही. अशा वेळी हाताने थोडंसं दूध काढून काळा भाग मऊ करा, मग लावा. पाजून झाल्यावर गार पाण्याचा पंचा दहा मिनिटं ठेवा. एखादी जागा लाल, गरम, ठणकती होऊन थंडी-ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्या बाजूने पाजणं बंद मात्र करायचं नाही, ते दूध बाळाला बाधत नाही.

सिझरच्या टाक्यांवर बाळाचे पाय येत असतील तर बाळाला काखेखाली, पाय पाठीमागे करून धरा. किंवा कुशीवर झोपून पाजा.

"पुरतंय का गं?"

हा प्रश्न दिवसातून दहा वेळा ऐकणाऱ्या बाईला शवासन सांगून काय होणार? तिच्या हातात मोजमाप द्यायला हवं. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त लंगोट लघवीने नीट ओले होत असतील आणि लघवी फिकी असेल तर दूध पुरतंय. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन जन्मवजनाच्या १० टक्क्यांपर्यंत घटतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. पुढे तीन महिने रोज २० ते ३० ग्रॅम वाढ हवी. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, वजनकाटा त्यांच्या पिशवीत असतो. आकडा कागदावर लिहून भिंतीला लावा. पुढच्या वेळी कुणी "किती बारीक दिसतंय" म्हणालं की कागद बोलेल.

संध्याकाळी पाच ते रात्री दहा बाळ सारखं मागतं, अर्ध्या-अर्ध्या तासाने. सायंकाळच्या या भुकेला आई आपल्या दुधात खोट शोधते, पण बहुतेक बाळं असंच करतात. रडणं साधारण सहाव्या आठवड्यात शिगेला पोचतं आणि मग उतरतं. महिना-दीड महिन्याने स्तन पूर्वीसारखे भरून जड लागत नाहीत, तेही दूध कमी झाल्याचं लक्षण नाही. आणि संताप अनावर झाला, हात कापायला लागले, तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवून पाच-दहा मिनिटं अंगणात जा. त्याला गदगदा हलवणं जिवावर बेतू शकतं. रडू देण्याने काही होत नाही.

झोप घरच्यांनी मिळवून द्यायची

"बाळ झोपलं की तू झोप" हा सल्ला देणाऱ्याने त्या वेळी भांडी घासायला घेतली तरच त्याला अर्थ आहे. खरी गरज असते सलग तीन-चार तासांची, आणि ती ठरवून काढावी लागते. रात्री नऊला पाजून झालं की बाळ दुसऱ्याने घ्यायचं: ढेकर, लंगोट, झोका सगळं. आईने दुसऱ्या खोलीत आडवं व्हायचं. बाळाला भूक लागली की ते आईजवळ आणून द्यायचं, तिने कुशीवर पडल्यापडल्या पाजायचं, आणि पुन्हा उचलून न्यायचं. वजन भरून येईपर्यंत रात्रीही दोन पाजण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं पूर्ण तोडू नका. ढेकर काढण्याचं काम नवऱ्याला उत्तम जमतं. माहेरी असाल तर भाऊ, वडील, कुणीही.

आई आणि बाळ एकाच अंथरुणावर असतील तर बाळ पाठीवर हवं, त्याच्या अंगावर गोधडी किंवा उशी नको, आणि दारू प्यालेला किंवा विडी-सिगारेट ओढणारा माणूस त्या अंथरुणात नको. सोफ्यावर पाजता पाजता डोळा लागणं सगळ्यात धोक्याचं.

ऊसतोड किंवा हळद शिजवण्याच्या दिवसांत घर रानात असतं आणि बाळंतीण एकटी. बाळंतपणाची तारीख त्या सुमारास असेल तर दुपारच्या दोन तासांसाठी कोण थांबणार हे आधीच ठरवा. भेटायला येणाऱ्यांना चार ते सहा ही वेळ सांगा, बारशाच्या आधी तर सांगाच. झोप लागत नसेल तर दिवसातून एकदा वीस मिनिटं नुसतं पडा: डोळ्यांवर पदर, मोबाइल दुसऱ्या खोलीत, लक्ष पायाच्या बोटांपासून एकेक अवयव सैल करत वर. हीच योगनिद्रा. टाके असतील तर कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी.

खोली, खाणं आणि मिश्री

एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो आणि बाळंतीण बंद खोलीत, कान बांधून, घामाने निथळत बसते. खिडकी उघडी ठेवा, पंखा बाळावर थेट न येईल असा लावा. बंद खोलीत शेगडी किंवा धुरी तर नकोच. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आधी डोकं दुखतं, गळाल्यासारखं होतं आणि मग जीव जातो. महाबळेश्वर, पाटण, जावळीच्या पावसाळ्यात लंगोट वाळवण्यासाठी शेगडी लागतेच, ती पडवीत लावा.

"पोट सुटेल" म्हणून पाणी तोडू नका, तहान लागेल तेवढं प्या. डिंकाचा, अळिवाचा, मेथीचा लाडू खुशाल खा, पण लाडवाने पान्हा सुटतो असं नाही. पोटभर जेवणच लागतं, पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त. घरचा चहा दोन-तीन कप चालतो, शक्यतो पाजून झाल्यावर.

मिश्रीबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण आपल्या भागात ती बायका ताणावरचं औषध म्हणून लावतात. भाजली तरी ती तंबाखूच. निकोटिन दुधात उतरतं, प्रोलॅक्टिन कमी करतं आणि बाळाची झोप मोडतं. मिश्री लावल्यावर वाटणारी शांतता ही मुख्यतः मिश्रीचीच तलफ भागल्याची असते. सुटत नसेल तोवर पाजून झाल्यावर लगेच लावा, म्हणजे पुढच्या पाजण्यापर्यंत अंतर पडेल. चूळ भरा, हात साबणाने धुवा, आणि पाजणं चालू ठेवा. सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळतं.

धडधड, थकवा, चिडचिड यांना ताण म्हणून सोडून देण्याआधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड, दोन्ही. बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइड बिघडणं दुर्मीळ नाही. लोहाची गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायची असते. ती आणि कॅल्शियमची गोळी एकत्र नको, दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाची गोळी चहाबरोबर तर मुळीच नको.

बाहेर पडायचं असेल तेव्हा

हाताने दूध काढता आलं की अर्धी धास्ती जाते. हात धुवा, स्टीलची वाटी दहा मिनिटं उकळून घ्या. अंगठा वर आणि तर्जनी खाली, स्तनाग्रापासून सुमारे तीन सेंटिमीटर मागे. आधी छातीकडे दाबा, मग दोन्ही बोटं एकमेकांकडे, मग सोडा. कातडीवर बोटं घसरवू नका. पहिला थेंब यायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, तिथेच बहुतेक जणी हार मानतात. बाजू बदलत वीस-तीस मिनिटं. काढलेलं दूध झाकून सावलीत चार तास, उन्हाळ्यात त्याहून कमी, आणि फ्रिजमध्ये २४ तास ठेवा. द्यायचं वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. प्रवासात एसटी स्थानकावर हिरकणी कक्ष, म्हणजे बाळाला पाजण्यासाठीची आडोशाची खोली, आहे का ते विचारा.

हा ताण साधा नाही

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडू येणं, मन हळवं होणं हे बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत निवळतं. त्यापुढेही उदासी टिकली, बाळ झोपलेलं असूनही झोप येईना, जेवण जाईना, बाळाबद्दल काहीच वाटेना, तर दाखवायला हवं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, भास झाले, भलतंच बोलणं सुरू झालं, दोन-दोन रात्री झोपेशिवाय अंगात वारं शिरल्यासारखी हालचाल दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. देवऋष्याकडे फेरी नंतर. तोवर आईला आणि बाळाला एकटं सोडू नका. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आणि सांगली-मिरजेची शासकीय रुग्णालयं जवळची आहेत. नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

गोळ्या सुरू झाल्या की घरचे पहिली गोष्ट करतात ती पाजणं बंद. डॉक्टरांना आधीच सांगा, "मी अंगावर पाजतेय." सर्ट्रालिनसारखी उदासीवरची औषधं दुधात फार कमी उतरतात आणि पाजत असताना देता येतात. गोळी आपल्या मनाने थांबवू नका, आणि पाजणंही.